अंगठ्याचं माप

चपलेच्या ज्या वेटोळ्यात पायाचं बोट अडकतं
त्यालाही आम्ही अंगठाच म्हणतो.
आठवड्याला वीस जोड, म्हणजे चाळीस अंगठे,
माझ्या एका अंगठ्यातून निघायचे.

गेल्या दिवाळीपासून तो कुरकुरतो.
नखाजवळ नाही, खाली, मनगटाच्या उंबऱ्यावर,
जिथं आरी रेटताना सगळा जोर येऊन बसतो.
आधी डब्याच्या झाकणापुढं हरला,
मग कुलपाच्या किल्लीपुढं,
मग जावयाच्या ताटात वाढता वाढता
उलथनं निसटलं.
सगळे हसले. मीही हसले.

हळद झाली, एरंडाचं पान बांधून झालं.
शेजारची दुंडव्वा म्हणाली, चुना लाव.
म्हटलं, बाई, चुन्यानं कातड्याचे केस जातात,
दुखणं नाही जात.
संकेश्वरच्या हाडवैद्यानं तर अंगठा धरून असा ओढला
की स्टँडवर येईस्तोवर
मला कुलदैवताचं नाव आठवेना.

शेवटी अथणीहून बेळगावची पहिली गाडी,
सिव्हिलची मागची इमारत,
आणि विद्याश्री नावाची पोर, गोकाककडची,
माझ्या धाकटीहून लहान.
‘नोवु एल्लि?’
मी दाखवायच्या आत तिनं नेमकं तिथंच दाबलं.
माझ्या तोंडून ‘अय्यो’ निघालं,
कन्नडच.

कागदावर सही की अंगठा, क्लार्कनं विचारलं.
चौथीपर्यंत शिकलेय, सही येते मला.
पण त्या दिवशी पेन धरवेना.
डावा अंगठा दिला, निळा.

सांध्यातली गादी झिजलीय म्हणे, मावशी,
नवी येत नाही, आहे ती जपायची.
म्हटलं, टाच झिजली तर आम्ही दुसरी ठोकतो.
ती हसली. उत्तर दिलं नाही.

मग तिनं पांढरा पत्रा काढला, पुठ्ठ्यासारखा ताठ,
गरम पाण्यात सोडला
आणि तो मऊ पडला,
रात्रभर भिजलेलं म्हशीचं कातडं
पहाटे हाताला लागतं तसा.
मी खुर्चीत पुढं सरकले.
तिनं तो माझ्या हातावर ठेवला, कोमट,
अंगठ्याभोवती वळवला, कडा चेपल्या.
थंड होईस्तोवर हलायचं नाही.
हलले नाही.

एकतीस वर्षं लोकांचे पाय कागदावर ठेवून
मी पेन्सिल फिरवली,
तलाठ्याचे, नवरदेवांचे,
एका पायानं अधू असलेल्या मास्तरांचे दोन वेगळे.
माझ्या हाताचं माप कुणी घेतलं नव्हतं.
बांगड्या भरताना कासारीणसुद्धा
हात दाबते, मापत नाही.

एक कड जाड राहिली होती, कात्री नीट वळली नव्हती.
‘रापी असती तर...’ मी म्हटलं.
तिला रापी कळली नाही.
हवेत सोलून दाखवली, डाव्या हातानं.

आता आरीच्या मुठीला सायकलची ट्यूब गुंडाळलीय,
धरायची ती सगळ्या पंजानं.
सकाळी अंगठा एकेका बोटाला टेकवायचा,
दुखेल तिथं थांबायचं.
करंगळी अजून परगावी आहे.
चिमटीत काही धरायचं नाही.
मग मीठ? मीठ चमच्यानं.
आमटी दोनदा खारट झाली, कुणी बोललं नाही.

महिन्याभरात पांढऱ्या पत्र्याचा चिकटपट्टा सुटला.
मी वादी ओवली, तीन पदरी,
बक्कल एका जुन्या जोडाचं.
पुढच्या तारखेला विद्याश्रीनं ते उलटसुलट बघितलं,
वेणीवरनं बोट फिरवलं.
‘कुणी घातली?’
‘सुनेनं.’
तिनं माझ्या अंगठ्याकडं बघितलं, बराच वेळ.
‘दुखलं?’

‘स्वल्प,’ मी म्हटलं.